किटलीत काय बघायचं?

यावेळी पत्रं कमी आणि व्हॉट्सॲपवरचे फोटोच जास्त आलेत, आणि गंमत म्हणजे बहुतेक फोटो भांड्याकुंड्यांच्या चित्रांचे आहेत. त्यामुळे हा अंक भांड्यांचाच समजा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, संपादकांनी कापू नये ही विनंती.

प्रश्न : बाई नमस्कार. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून माझ्या भाचीने जलरंगात एक चित्र काढून दिलं. चित्र कसलं तर माझ्या माहेरच्या स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची किटली. बास. मागे भिंतसुद्धा धड नाही, नुसती किटली आणि तिची सावली. भाची आर्ट कॉलेजला आहे, कौतुक केलं, पण खरं सांगू, नेमकं काय बोलावं ते कळलं नाही. आमचे हे म्हणाले किटलीचं काय चित्र काढायचं, त्यापेक्षा गणपती तरी काढायचा. पण हॉलमध्ये लावल्यापासून माझी नजर सारखी तिकडेच जाते. असं का होत असेल? आणि असल्या चित्रात बघायचं काय असतं? फोटो पाठवलाय. — एक वाचक, मिरज

उत्तर : फोटो मोठा करून तीनदा बघितला. आधी एक सांगते, मोबाइलच्या फोटोत जलरंगाचं निम्मं चित्र मरतं, कागदाचा पोत जातो आणि पांढरं सगळं सपाट होतं, म्हणून मी खाली जे लिहितेय ते मूळ चित्रासमोर उभं राहून ताडून बघा, माझं चुकलं असेल तर कळवा.

सुरुवात किटलीच्या पोटावरच्या त्या पांढऱ्या चमकेपासून करा. तिथे बोट नेऊन (लावू नका, नुसतं जवळ न्या) स्वतःला विचारा, हा पांढरा रंग कुठला? तर कुठलाच नाही. तो कोरा कागद आहे. तेलरंगवाला सगळं चित्र रंगवून झालं की शेवटी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवतो आणि भांडं चमकतं. जलरंगात हे उलटं चालतं, रंग पारदर्शक असतो, खालचा कागद त्यातून उजळतो, त्यामुळे फिकटाकडून गडदाकडेच जाता येतं आणि गडद झालेलं पुन्हा पांढरं करायचं म्हणजे जवळजवळ अशक्य. ओल्या ब्रशने थोडा रंग उचलता येतो पण कागद पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे ती चमक कुठे असणार हे तुमच्या भाचीने कागदावर पहिला थेंब पडायच्या आधी ठरवलेलं होतं, आणि मग पुढचे तास-दीड तास ती त्या जागेला वळसा घालून रंगवत होती. चित्रातली सगळ्यात उजळ जागा म्हणजे जिथे तिने हात लावला नाही ती जागा. हे एकदा डोक्यात बसलं की जलरंगातलं कुठलंही चित्र बघताना नजर आधी तिथेच जाते.

आता ती चमक नीट बघा. ती नुसती पट्टी नाहीये, तिच्यात दोन बारीक उभ्या रेघा आहेत आणि पट्टी पोटाच्या गोलाईबरोबर वाकलीये. मला तरी ते खिडकीचे गज वाटतात. तुमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात किटली ठेवायच्या जागेच्या डाव्या बाजूला गजांची खिडकी होती का? आणि किटलीच्या पोटाखाली, सावलीच्या जरा वर, तिथे करड्या रंगात एकदम तांबूस छटा आलीये, ती काय उगाच नाही आली, धातूच्या भांड्यात खालच्या जमिनीचा रंग उतरतो. लाल कोबा होता ना? तुम्ही म्हणता मागे भिंतसुद्धा नाही, पण मला वाटतं पोरीने अख्खं स्वयंपाकघर किटलीत घातलंय, खिडकी पोटावर आणि जमीन बुडाला. तुमची नजर सारखी तिकडे जाते ती कदाचित त्या घरात जात असेल.

करडा रंग बघा. पेटीतला तयार काळा पाण्यात पातळ करून लावला असता तर ॲल्युमिनियम मेलेलं, सिमेंटसारखं दिसलं असतं. हा करडा बहुधा अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तो विटकरी तपकिरी, या दोघांच्या मिश्रणाचा आहे. हे दोन रंग एकमेकांना मारतात आणि त्यातून करडा होतो, निळा जास्त पडला तर थंड, तपकिरी जास्त पडला तर ऊबदार, त्यामुळे एकाच भांड्यावर दोन्ही प्रकारचे करडे खेळवता येतात. शिवाय अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना धरून गोळा होतात, ते खरबरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर बारीक रवाळ पोत येतो. किटलीच्या डाव्या खालच्या बाजूला तो पोत फोटोतही दिसतोय. वापरून वापरून मळकटलेलं ॲल्युमिनियम असंच दिसतं की नाही? ते ब्रशने ठिपके देऊन केलेलं नाही, पाण्याने केलंय. चित्रकाराचं काम एवढंच की पाण्याला ते करू द्यायचं आणि मध्ये ढवळायचं नाही. हे न ढवळणं शिकायला मला दहा वर्षं लागली.

बुडाची काजळी मला सगळ्यात आवडली. खालून गडद काळपट आणि वर जाताना विरघळत गेलेली, कड कुठेच नाही. म्हणजे करडा वॉश (पातळ रंगाचा पसरलेला थर) ओला असतानाच तिने खालून गडद रंग सोडला आणि कागद जरासा उलटा कलता धरला असणार. अर्धा मिनिट उशीर झाला असता तर मध्ये रेघ आली असती, आधी सोडला असता तर काजळी पार झाकणापर्यंत चढली असती. आणि वरच्या बाजूला त्या फुटक्या फुटक्या रेघा आहेत ना, त्या कोरड्या ब्रशच्या, कागदाच्या उंचवट्यांवर तेवढा रंग लागतो आणि खळगे पांढरे राहतात. राखेने किंवा तारेच्या घासणीने वर्षानुवर्षं घासलेलं भांडं! तोटीच्या मुळाशी पोचा पण आहे, आणि तो तिने रेघ मारून दाखवलेला नाही, तिथे चमकेची पट्टी फक्त मोडलीये. कधी आणि कोणाच्या हातून पडली होती ती किटली, हे तुम्हाला माहीत असेल.

उजव्या बाजूची कड शोधा बरं. सापडणार नाही. उजेडाने किटलीची ती बाजू आणि मागचा कागद एक झालेत, रेघ मध्येच हरवते आणि खाली सावलीपाशी पुन्हा सापडते. पण तुम्हाला किटली अर्धवट वाटत नाही, कारण राहिलेला भाग आपला डोळाच पुरा करतो. पूर्ण कड गिरवली असती तर चित्र मुलांच्या रंगवायच्या पुस्तकासारखं झालं असतं.

दोष सांगू का? सांगतेच. भाचीला वाईट वाटायला नको पण ती शिकतीये. एक, सावलीत उजवीकडे तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग पडलाय, अर्धवट वाळलेल्या रंगात जास्तीचं पाणी गेलं की असं होतं. कधी कधी ते छानही दिसतं, इथे उगाच लक्ष खेचतं. दुसरं म्हणजे तोटीचं तोंड झाकणाच्या बरंच खाली आलंय. अशा किटलीत चहा काठोकाठ भरलात तर तोटीतून आपोआप सांडेल, पाणी सगळीकडे एकाच पातळीला राहतं ना. खरी किटली अजून असेल तर शेजारी ठेवून बघा.

आता तुमच्या ह्यांचा मुद्दा. मला वाटतं ही आपल्याकडच्या एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेची देणगी आहे. आपण सगळ्यांनी शाळेत असताना बेंचवर ठेवलेली बादली, वीट, तांब्या असलं वस्तुचित्र परीक्षेसाठी काढलेलं असतं, त्यामुळे भांडं म्हणजे सराव आणि खरं चित्र म्हणजे देव, निसर्ग किंवा माणूस असं डोक्यात बसलंय. आमच्या ड्रॉइंगच्या तासालाही बादली कशी काढायची हेच शिकवायचे, ती बघायची कशी हे नाही, आणि मी स्वतः ड्रॉइंग टीचर झाल्यावर बरीच वर्षं तेच केलं, हे कबूल करते. तिकडे फ्रान्समध्ये पॉल सेझान नावाचा मोठा चित्रकार शेवटच्या काही वर्षांत स्टुडिओतली तीच तीच भांडी आणि सफरचंदं जलरंगात रंगवत बसायचा. १९०० ते १९०६ च्या दरम्यान त्याने केलेलं निळ्या एनॅमलच्या भांड्याचं एक चित्र आहे, ते आता अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे एनॅमलच्या ताटल्या-मग असायचे ना, टवके उडालेले, त्याच जातीचं साधं भांडं, शेजारी दुधाचं पांढरं भांडं आणि सफरचंदं. त्यातही कागद जागोजाग कोरा सोडलाय. म्युझियमने २००४ मध्ये या चित्राभोवती सेझानच्या जलरंगातल्या वस्तुचित्रांचं अख्खं प्रदर्शन भरवलं होतं. तर ह्यांना सांगा, किटलीला वशिला आहे.

बघायची पद्धत म्हणाल तर आधी सोफ्यावर बसून डोळे बारीक करून बघा, तपशील पुसले जातात आणि फक्त उजेड-अंधार उरतो, तेव्हाही किटली गोल वाटली तर चित्र पक्कं. मग हातभर अंतरावर जा, मग नाक लावायचं तेवढंच बाकी ठेवा. नाकाच्या अंतरावर किटली नाहीशी होते आणि नुसते डाग, ओघळ, कोरा कागद दिसतो. मग पुन्हा दोन पावलं मागे या. तो क्षण, डागांची पुन्हा किटली होते तो, मला तरी अजून जुना झालेला नाही.

आणि भाचीला फोन केलात तर "अगदी खरी वाटते हं" एवढंच म्हणू नका, ते ऐकून ऐकून आर्ट कॉलेजची मुलं कंटाळलेली असतात. खिडकीच्या गजांचं विचारा.

प्रश्न : आम्ही बेंगळुरूला असतो. दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरला जाणार आहोत. तिथल्या जगनमोहन पॅलेसमध्ये दिवा घेतलेल्या बाईचं रविवर्म्याचं प्रसिद्ध चित्र आहे म्हणे, ते जलरंगात आहे का? बघताना काय लक्षात ठेवू? — एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : जलरंगातच आहे, पण रविवर्म्याचं नाही! ही चूक इतके जण करतात की मी आता चिडायची सोडून दिलीये. रविवर्मा १९०६ मध्ये गेले आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. काढणारे आपले सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कला संस्था काढली. चित्राचं इंग्रजी नाव 'ग्लो ऑफ होप', आणि मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी राहिली होती.

दिवा ही सुद्धा घरातली वस्तूच की. तिने एका हाताने दिवा धरलाय आणि दुसरा हात ज्योतीपुढे आडवा धरलाय, जसं आपण वाऱ्यावर निरांजन नेताना धरतो तसा. बोटं बघा. उजेड बोटांच्या कडांतून झिरपतो आणि बोटं आतून लालसर होतात. मग वर लिहिलेलं आठवा की जलरंगात उजेड म्हणजे झाकायचा राहिलेला कागद, आणि इथे आजूबाजूला एवढा अंधार आहे, तोही जलरंगात, म्हणजे एकावर एक किती थर दिले असतील, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन, आणि त्या सगळ्यात तो उजेड शाबूत ठेवायचा. अंधार स्वच्छ ठेवणं जलरंगात उजेडापेक्षा अवघड असतं, थर जास्त झाले की चिखल होतो. तुम्ही अंधाराकडेही पाच मिनिटं द्या. लोक ज्योत बघतात, सेल्फीचं बघतात आणि निघतात.

प्रश्न : आजोबांनी काढलेलं समईचं जलरंगातलं चित्र माझ्याकडे आहे. कोकणातलं घर, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. चित्रावर बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागलेत. लॅमिनेट करून टाकू का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : लॅमिनेट अजिबात करू नका. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की ते कागद फाडल्याशिवाय निघत नाही, आणि आतली ओल आतच राहते. ओल्या फडक्याने पुसायला पण जाऊ नका, जलरंगाचा रंग डिंकात कालवलेला असतो, बाभळीच्याच जातीच्या झाडाचा डिंक, आणि तो वाळल्यानंतरही पाण्याने सुटतो. आजोबांची समई फडक्यावर येईल.

ठिपके बुरशीचे असू शकतात किंवा कागदातल्या आम्लाचे, ते घरी काढायच्या भानगडीत पडू नका, कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा. तोपर्यंत फ्रेम उघडून बघा की काच थेट चित्राला टेकलीये का. बऱ्याच जुन्या फ्रेममध्ये टेकलेली असते आणि मागे साधा पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड असतो, दोन्ही वाईट. मध्ये माउंट हवं, म्हणजे चित्राभोवतीची ती जाड पुठ्ठ्याची चौकट, आम्लरहित मागा, थोडी महाग पडते. त्याने काच आणि कागदात हवेला जागा राहते. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंतीपासून बोटभर अंतर राहील. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मार खाणारी भिंत नको, आतली धरा. जून ते सप्टेंबर चित्र सरळ उतरवून कोरड्या कपाटात ठेवलंत तरी चालेल, आमच्याकडे तसंच करायचे.

आणि ऊन. म्युझियममध्ये कागदावरच्या चित्रांसाठी उजेड साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठेवतात, म्हणून तिथे आपल्याला अंधारं वाटतं, आणि आपण हौसेने बरोब्बर खिडकीसमोर चित्र लावतो. काही लाल रंग तर फार लवकर उडतात, जुन्या पेट्यांतला अलिझरिन क्रिमसन त्यासाठी बदनामच आहे. समईच्या ज्योतीत किंवा मागच्या कापडात लाल-गुलाबी असेल तर आजच त्याचा चांगला फोटो काढून ठेवा.

प्रश्न : मुलगी यंदा ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतेय. स्थिरचित्राच्या सरावाला घरी वेळ कमी मिळतो म्हणून मोबाइलवर तांब्या-पेल्याचे फोटो बघून काढते. चालेल ना? — एक पालक, नाशिक

उत्तर : परीक्षेत समोर खरी भांडी असणार, फोन नसणार, त्यामुळे एवढ्यासाठी तरी नको. फोटोने वस्तूची खोली आयती सपाट करून दिलेली असते, ते भाषांतर मुलीने स्वतः करायला हवं, तेच तर शिकायचंय. एक डोळा मिटून फोटो बघा आणि मग एक डोळा मिटून खरा तांब्या बघा असं तिला सांगा, डोकं जरा हललं की खऱ्या तांब्यावरची चमक सरकते, फोटोतली सरकत नाही.

वेळ नसेल तर पूर्ण चित्र नकोच, रोज दहा मिनिटं फक्त लंबगोल काढू दे. वरून बघताना पेल्याच्या काठाचा लंबगोल चपटा दिसतो आणि बुडाचा त्यापेक्षा जास्त गोल, कारण बूड नजरेच्या जास्त खाली असतं. नव्वद टक्के मुलं बूड सरळ रेघ मारून टाकतात (ही टक्केवारी माझी, तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यांवरून). लंबगोलाची टोकं पण टोकदार करायची नाहीत, ती वळतात. या परीक्षेमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव मार्कांचं नंतर बघा.

प्रश्न : बाई मी सहावीत आहे. माझ्या कॅमलच्या पेटीत पांढरा रंग आहे पण ड्रॉइंगचे सर म्हणतात जलरंगात पांढरा वापरायचा नाही. मग तो पेटीत दिलाय कशाला? — एक छोटा वाचक, सोलापूर

उत्तर : बरोबर पकडलंस! तुझे सरही बरोबर आहेत आणि पेटीवालेही. पांढरा रंग बाकीच्या रंगांसारखा पारदर्शक नसतो, तो कागद झाकतो, म्हणून त्यात मिसळलेला रंग दुधाळ होतो आणि आतून येणारा उजेड बंद होतो. सुरुवातीला हात त्याच्याकडे गेला की कागद कोरा सोडायची सवयच लागत नाही, म्हणून सर नको म्हणतात. पण मोठे चित्रकार कधी कधी शेवटी वापरतात, मांजराच्या मिशीला किंवा तारेवरच्या एखाद्या चमकेला. इंग्लंडमध्ये १८३४ मध्ये जस्तापासून केलेला चायनीज व्हाइट नावाचा पांढरा जलरंग विकायला आला तेव्हापासून चित्रकारांची यावर भांडणं चालू आहेत, तू काही पहिला नाहीस. कोणी पांढरा वापरलाय का ते ओळखायचं असेल तर चित्र उजेडाला तिरकं धर, तो डाग बाकी कागदापेक्षा वेगळा, खडूसारखा दिसतो.

आता एक काम कर. आईला एक अंडं उकडून माग, घरी अंडी चालत नसतील तर सोललेली लसणाची पाकळी घे, पांढऱ्या कागदावर खिडकीजवळ ठेव आणि पेटीतला पांढरा न उघडता काढ. फक्त सावली रंगवायची. सावलीत निळा दिसतो का पिवळा ते नीट बघ, कारण करडा तर नक्कीच नसतो. झालं की फोटो पाठव. अंडं त्याच दिवशी खाऊन टाक.